तांबड्या पेनानं खोडलेला ‘एक्स्पर्ट’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज कुठं ना कुठं ‘एक्स्पर्ट सांगतात’ नाहीतर ‘तज्ज्ञांच्या मते’ असं असतंच आणि इतकी वर्षं मी ते वाचत आले, कधी अडखळले नाही. पण गेल्या महिन्यात वर्गात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासनं हा शब्द डोक्यातनं जाईना झालाय, म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, जागा नसेल तर कुठंही कापा, फक्त शेवटची मागणी तेवढी ठेवा.

मी कोल्हापुरात एका हायस्कूलला इंग्रजी शिकवते, 22 वर्षं झाली. नववीच्या मुलांना घरातल्या एका माणसाबद्दल दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. करवीर तालुक्यातल्या एका गावातनं एस.टी.नं येणारा एक मुलगा आहे, त्यानं त्याच्या आज्जावर लिहिलं. आज्जा गुळव्या आहे, गुऱ्हाळावर गूळ उतरवतो. मुलानं लिहिलं होतं, ‘माय आज्जा इज ॲन एक्स्पर्ट ऑफ जॅगरी.’ मी तांबड्या पेनानं ‘एक्स्पर्ट’ खोडलं आणि वर लिहिलं ‘स्किल्ड वर्कर’. अर्धा मार्क पण कापला.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन टेबलापाशी आला. “मॅडम, एक्स्पर्ट का चुकलं?” मी सांगितलं की बाळा, एक्स्पर्ट म्हणजे त्या विषयाचं शिक्षण घेतलेला माणूस, डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ असा. तो म्हणाला, “पण मॅडम, गूळ बिघडाय लागला की आज्जाला न्यायला लांबनं गाडी येती.” एवढं बोलून तो बाकावर जाऊन बसला. तो काही वाद घालत नव्हता, त्याला खरंच कळलं नव्हतं की आपलं काय चुकलं, आणि मला पण सांगता आलं नाही.

घरी येऊन डिक्शनऱ्या काढल्या. एक्स्पर्ट हा शब्द लॅटिनमधल्या ‘एक्स्पेरीरी’ या क्रियापदावरनं आलाय, त्याचा अर्थ करून बघणं, आजमावणं. त्यावरनं ‘एक्स्पर्टस’, म्हणजे ज्यानं करून बघितलंय असा, किंवा जो आजमावला गेलाय असा, दोन्ही अर्थ. तिथनं फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि पुढची कितीतरी शतकं तो मुख्यतः विशेषण म्हणूनच वापरात होता, ‘अमक्या कामात एक्स्पर्ट माणूस’ असा. ‘एक एक्स्पर्ट आले आणि त्यांनी मत दिलं’ असं नाम म्हणून वापरायची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. एक्स्पीरियन्स आणि एक्स्पेरिमेंट हे त्याच घरातले शब्द, अनुभव आणि प्रयोग. आणि पेरिल, म्हणजे धोका, तो पण लांबचा भाऊ निघतो, कारण करून बघण्यात धोका असतोच. या सगळ्या कुळात डिग्रीचा कुठं संबंधच नाही. मी 22 वर्षं इंग्रजी शिकवते आणि हे मला त्या दिवशी कळलं.

त्याहून जास्त लागलेली गोष्ट पुढची. मुलाच्या वाक्यात चूक होती, पण ती ‘एक्स्पर्ट’मध्ये नव्हती, ‘ऑफ’मध्ये होती! इंग्रजीत या शब्दामागं ऑन, इन, ॲट असे शब्द येतात आणि त्यानं अर्थ बदलतो. ‘एक्स्पर्ट ऑन जॅगरी’ म्हणजे गुळाबद्दल ज्याला माहिती आहे, जो त्यावर बोलू शकतो, रिपोर्ट लिहू शकतो. ‘एक्स्पर्ट ॲट मेकिंग जॅगरी’ म्हणजे ज्याला तो करता येतो. एकाच शब्दात दोन वेगळी माणसं बसलेली आहेत आणि आपण मराठीत बोलताना ते ऑन आणि ॲट गाळून टाकतो, नुसतं एक्स्पर्ट म्हणतो, मग हळूहळू बोलणारा तेवढा एक्स्पर्ट राहतो आणि करणारा कारागीर होतो. मुलानं करणाऱ्याला एक्स्पर्ट म्हटलं होतं, अगदी शब्दाच्या मुळाला धरून, आणि मी ते खोडलं.

आता गुळव्या काय करतो ते ज्यांनी गुऱ्हाळ जवळनं बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मी पण लहानपणी फक्त काकवी प्यायला जायची, काम कधी बघितलं नव्हतं, या वेळी त्या मुलाबरोबर रविवारी मुद्दाम गेले आणि तीन तास बसले. रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत पडतो, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ. रस तापायला लागला की मळी वर येते, ती नीट सुटावी म्हणून भेंडीचं पाणी घालतात, आंबटपणा मारायला चुना, आणि चुना किती हे उसावर ठरतं, ऊस कुठल्या जातीचा, कुठल्या रानातला, तोडून किती वेळ झाला यावर. चुना जास्त झाला तर गूळ काळपट पडतो, कमी झाला तर नीट बसत नाही. मग खरी वेळ येते ती शेवटच्या काही मिनिटांची. पुस्तकात आहे की गूळ साधारण 116 ते 118 अंश सेल्सिअसला उतरवावा, काकवी त्याच्या बरीच आधी 105-106 च्या सुमाराला. आज्जाकडं थर्मामीटर नाही. ते बुडबुडे बघतात, वास घेतात, थोडा पाक पाण्यात टाकून बोटानं त्याची गोळी वळतात, आणि एका क्षणाला म्हणतात “उतरा”, की सगळे मिळून काहील वाफ्यात, म्हणजे गूळ थंड करायच्या उथळ हौदात ओततात. दोन मिनिटं इकडं तिकडं झाली तर अख्खं आदण, म्हणजे एका वेळी काहिलीत उकळलेला सगळा रस वाया. आणि निकाल लगेच, थंड झाल्यावर रवा, म्हणजे गुळाची ढेप कशी पडते, दाणा कसा, रंग कसा, त्याच दिवशी समोर दिसतं, आणि पुढं मार्केट यार्डात सौद्याला व्यापारी तो फोडून बघतो, तिथं तर कुणाचं काही चालत नाही.

मला वाटतं सगळी मेख इथंच आहे. ज्याच्या कामाचा निकाल रोज त्याच्या तोंडावर येऊन पडतो तो चुकत चुकत एक्स्पर्ट होतो, त्याला दुसरा रस्ताच नसतो. आणि ज्याचं म्हणणं खरं ठरलं की खोटं हे कुणी कधी परत येऊन तपासत नाही, तो कितीही वर्षं बोलत राहिला तरी आजमावला जातच नाही. माझ्या दिरानं व्हॉट्सॲपवरच्या एका शेअर मार्केट ‘एक्स्पर्ट’च्या ग्रुपमध्ये जाऊन दोन लाख घालवले. त्या माणसानं ग्रुपवर फक्त बरोबर आलेल्या टिप्सचे स्क्रीनशॉट ठेवले होते, चुकलेल्या डिलीट. गुळव्याला बिघडलेलं आदण डिलीट करता येत नाही हो. खरं तर पैसे घेऊन गुंतवणुकीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडं, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडं नोंदणी लागते, 2013 पासनं तसे नियम आहेत, पण दिरानं नोंदणी विचारली नाही, कारण नावापुढं एक्स्पर्ट लिहिलं होतं आणि त्याला वाटलं एक्स्पर्ट हीच नोंदणी.

डॉक्टरांचंही बघा. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम आहेत, त्यात स्पष्ट आहे की त्या शाखेची खास पात्रता असल्याशिवाय डॉक्टरनं स्वतःला स्पेशालिस्ट म्हणवून घ्यायचं नाही. स्पेशालिस्ट म्हणजे एक शाखा निवडून तिच्यात शिकलेला, हे कागदावर तपासता येतं. एक्स्पर्ट म्हणजे किती खोल उतरलाय ते, आणि ते कागदावर तपासता येत नाही. म्हणूनच की काय, शहरात फिरताना ‘स्किन एक्स्पर्ट’, ‘हेअर एक्स्पर्ट’, ‘करिअर एक्स्पर्ट’ असेच बोर्ड जास्त दिसतात. ज्या शब्दाला कुंपण नाही तो शब्द सगळे उचलतात. कोर्टात मात्र त्याला थोडंफार कुंपण आहे. शेजारी वकील आहेत त्यांनी दाखवलं, 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 45 होतं, परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे यात जो माणूस विशेष कुशल त्याला एक्स्पर्ट म्हणायचं. विशेष कुशल, एवढंच, पदवीधर असा शब्द तिथंही नाही. 1 जुलै 2024 पासनं नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हेच कलम 39 झालंय आणि ‘इतर कुठलंही क्षेत्र’ अशी भर पडलीय. म्हणजे कायद्याच्या भाषेत आमचा गुळव्या बसू शकतो, आणि माझ्या तांबड्या पेनात बसत नव्हता. शिवाय वकील म्हणाले की एक्स्पर्टनं नुसतं मत देऊन भागत नाही, ते कशावरनं दिलं हे सांगावं लागतं आणि समोरचा वकील उलटतपासणी घेतो. पेपरातल्या एक्स्पर्टची उलटतपासणी कोण घेतं?

आपल्याकडं या एका इंग्रजी शब्दाच्या जागी केवढे शब्द आहेत, हे पण या निमित्तानं बघितलं आणि जीव हरखून गेला. निष्णात म्हणजे मुळात खोल पाण्यात न्हालेला. पारंगत म्हणजे पलीकडच्या तीराला पोचलेला. कुशल म्हणजे कुश नावाचं गवत आणणारा असं जुने लोक सांगतात, त्या गवताची पाती धारदार, उपटताना हात कापतो, हात न कापता जो आणेल तो कुशल. प्रवीण म्हणजे वीणा उत्तम वाजवणारा. पटाईत म्हणजे पट्टा चालवणारा, आपल्याकडं मर्दानी खेळात अजून पट्टा फिरतो तो. कसबी अरबीतनं आला. एकही शब्द असा नाही की ज्यात माणूस नुसता बसून बोलतोय, प्रत्येकात हात नाहीतर पाय चाललाय, माणूस पाण्यात उतरलाय, गवत उपटतोय, हत्यार फिरवतोय. फक्त तज्ज्ञ हा शब्द जाणण्याचा आहे, तत् म्हणजे ते, ज्ञ म्हणजे जाणणारा. तद् आणि ज्ञ मिळून तज्ज्ञ होतं, म्हणून दोन ज लागतात, तुमच्याकडं बऱ्याचदा ‘तज्ञ’ छापून येतं ते चूक आहे, जाता जाता सांगते. आणि पेपरांनी एक्स्पर्टला प्रतिशब्द म्हणून नेमका हाच एक धरला, बाकीचे सोडून दिले.

आणि कोल्हापुरात तर दोन शब्द असे आहेत की त्यांच्यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे. एक वस्ताद. मूळ फारसी उस्ताद. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी गायला उस्ताद अल्लादिया खाँसाहेब होते आणि तालमीत पोरांना घडवायला वस्ताद होते, शब्द एकच, एक गळ्याचा आणि एक मातीचा, आणि महाराजांनी दोघांनाही सारखाच मान दिला. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी तालमीत आज पण वस्ताद म्हटलं की पैलवान मान खाली घालतो. वस्ताद कुणी स्वतःला म्हणवून घेत नाही, ते दुसऱ्यांनी म्हणायचं असतं. तालमीच्या दारावर ‘मी वस्ताद’ असा बोर्ड कुणी लावला तर लोक काय म्हणतील? मग ‘मी एक्स्पर्ट’ असा बोर्ड चालतो कसा?

दुसरा शब्द मिस्त्री. हा पोर्तुगीज ‘मेस्त्रे’वरनं आला, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘मॅजिस्टर’, ज्यावरनं इंग्रजीत मास्टर झाला, ज्यावरनं आपला शाळेतला मास्तर झाला. म्हणजे मी आणि उद्यमनगरातला लेथवरचा मिस्त्री एकाच शब्दाची लेकरं! माझे सासरे उद्यमनगरात 35 वर्षं टर्नर होते, कास्टिंगवर नखानं टिचकी मारून आत पोकळी आहे का सांगायचे, कारखान्यात नवीन इंजिनिअर आला की मालक आधी त्याला सासऱ्यांच्या शेजारी उभा करायचा. पगारपत्रकावर शेवटपर्यंत ‘कुशल कामगार’ हाच शिक्का राहिला. मुलाच्या वहीत मी जे दोन शब्द लिहिले ते त्याच शिक्क्याचं इंग्रजी आहे, हे मला नंतर रात्री लक्षात आलं आणि झोप लागली नाही.

कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचं मूळ आडनाव मेस्त्री. कुठल्या कॉलेजात न जाता, चित्रकला स्वतः शिकून, त्या माणसानं कोल्हापुरात बसून सिनेमाचा कॅमेरा तयार केला, तो पण शंभर वर्षांपूर्वी, आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शांतारामबापू, दामले, फत्तेलाल तयार झाले, ज्यांनी पुढं 1929 ला प्रभात फिल्म कंपनी काढली. त्या वेळी एखाद्या पेपरानं ‘एक्स्पर्ट काय म्हणतात’ असं विचारायला माणूस शोधला असता तर तो बाबूरावांकडं आला असता का? मला नाही वाटत, त्यांच्याकडं दाखवायला सर्टिफिकेट नव्हतं.

2025 ला प्राडा या इटलीतल्या फॅशन कंपनीच्या चपलांवरनं केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांना आठवत असेल. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी मिलानच्या शोमध्ये कोल्हापूरचं नाव न घेता तसलीच चप्पल आली, मग बोंब झाली, मग कंपनीनं मान्य केलं, मग जुलैमध्ये त्यांची टीम कोल्हापूरला आली. त्या वेळच्या मी वाचलेल्या बातम्यांत टीमला ‘एक्स्पर्ट’ म्हटलं होतं आणि सुभाषनगर, जवाहरनगरातल्या आपल्या माणसांना ‘कारागीर’. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमवायचं, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीनं शिवायचं, आणि बारीक वेणी घालायची, जे काम घरातल्या बायका करतात आणि त्यांचं तर कुठं नावच येत नाही. शिकायला आले ते एक्स्पर्ट आणि ज्यांच्याकडनं शिकायचं ते कारागीर, हे उलटं नाही का झालं? कारागीर हा शब्द वाईट नाही, चांगलाच आहे, पण दोन्ही शब्द एका बातमीत शेजारी शेजारी आले की कोण वर आणि कोण खाली ते वाचणाऱ्याच्या मनात आपोआप ठरतं.

आता कुणी म्हणेल की मॅडम, म्हणजे तुमचं म्हणणं शिकलेल्यांना किंमत नाही, अनुभव हेच सगळं. नाही, अजिबात नाही, आणि याचा फटका मी स्वतः खाल्लाय. माझं माहेर आंबेवाडीचं. माझे वडील पंचगंगेचं पाणी बघून सांगायचे, आता थांबेल, आता वाढेल, आणि ते बहुतेक वेळा खरं ठरायचं, अर्धं गाव त्यांना विचारायला यायचं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते म्हणाले 2005 ला जिथवर आलं त्याच्या वर काय येत नाही, सामान माळ्यावर टाका आणि बसा. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, त्या वेळी पाणी 55 च्या वर गेलं. आई-वडिलांना बोटीनं काढलं. वडील खोटं बोलले नव्हते, ते आजमावलेलेच होते, पण जेवढं पाणी बघितलं तेवढ्यापुरतेच. त्याच्या पलीकडं काय होईल हे सांगायला पाऊस मोजणारा, धरणाचा विसर्ग मोजणारा, आकडे मांडणारा माणूस लागतो आणि त्यालाही मी एक्स्पर्टच म्हणेन. फक्त तो कशातला, कुठपर्यंतचा, हे सांगा. पुराच्या दिवसांत टीव्हीवर कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल बोलणारे इतके एक्स्पर्ट बघितले की त्यातला धरणावर काम केलेला कोण, नदीचा अभ्यास केलेला कोण आणि नुसता पक्षाचा माणूस कोण हे माझ्या आईला कसं कळावं, ती बिचारी सगळ्यांचं ऐकून रात्रभर जागी राहायची.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ‘एक्स्पर्ट सांगतात’, ‘तज्ज्ञांच्या मते’ असं छापताना त्या माणसानं नेमकं काय काम केलंय, किती वर्षं केलंय ते एका ओळीत लिहा, पदवी असेल तर पदवी लिहा, नसेल तर काय करतो ते लिहा. नाव सांगता येत नसेल तर निदान काम तरी सांगा. आणि तेही जमणार नसेल तर तो शब्दच घालू नका, ‘एकानं सांगितलं’ म्हणा, वाचक समजून घेईल. उसाची, गुळाची, चपलेची, फौंड्रीची बातमी असेल तेव्हा विद्यापीठात फोन करता तसा गुऱ्हाळावर आणि उद्यमनगरात पण एक फोन करा, दोघांचं छापा.

त्या रविवारी गुऱ्हाळावर मुलानं आज्जाला सांगितलं की मी तुझ्यावर शाळेत लिहिलंय, एक्स्पर्ट म्हणून. आज्जा म्हणाले, “म्हंजे काय रं?” मुलगा माझ्याकडं बघायला लागला. मी सांगितलं की ज्यानं स्वतः करून बघितलंय, चुकून बघितलंय आणि आता चुकत नाही असा माणूस. ते हसले नाहीत, थोडा वेळ काहिलीकडं बघत बसले आणि म्हणाले, “चुकत न्हाई कशानं, परवा एक आदण लाल झालं की.” आणि का लाल झालं, ऊस तोडून दोन दिवस पडून होता, चुना कसा जास्त पडला, हे सगळं मला नीट समजावून सांगितलं.

सोमवारी मी त्याची वही मागून घेतली. ‘स्किल्ड वर्कर’ खोडलं, ‘एक्स्पर्ट’ परत लिहिलं, ‘ऑफ’ला गोल करून ‘ॲट मेकिंग’ लिहिलं आणि अर्धा मार्क वाढवला. आज्जांचा सीझन अजून महिनाभर चालणार आहे. तुमचा वार्ताहर पाठवणार असाल तर शाळेच्या पत्त्यावर कळवा, मी त्याला गुऱ्हाळावर घेऊन जाईन, फक्त सकाळी लवकर यायला सांगा, पहिलं आदण सातला उतरतं.

आपली,
एक इंग्रजीची शिक्षिका,
शिवाजी पेठ, कोल्हापूर